तानसेकाठची साधी कावीळ

“कावीळ झालीय. नाही हो, काळजीचं काही नाही. साधी कावीळ.”

आई फोनवर बोलत होती आणि मी तिच्या मागे, चपलाही न काढता, एक्सरेचं मोठं पाकीट छातीशी धरून उभी होते. आम्हाला डॉक्टरांकडून घरी येऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. फोन खालच्या मजल्यावरच्या काकूंचा होता. त्यांनी आम्हाला रिक्षातून उतरताना बघितलं होतं. आईने वळून माझ्याकडे पाहिलं, रिसीव्हरवर हात ठेवला आणि म्हणाली, “ते पाकीट आत ठेव. माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली.”

माझ्या फुफ्फुसांचा फोटो पुढे सहा महिने आईच्या साड्यांखाली होता.

मला टीबी झाला होता. लिहायला हे वाक्य सोपं आहे. बोलायला मला चार महिने लागले. आता त्याला बरीच वर्षं झाली, मी ठणठणीत आहे, रोज नोकरीला जाते. हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे परवा ऑफिसमधल्या एका मुलीने मला सांगितलं, की तिच्या भावाला मलेरिया झालाय आणि सहा महिने गोळ्या घ्यायच्या आहेत. मलेरियाच्या गोळ्या सहा महिने नसतात. मी तिला काही बोलले नाही, पण घरी येऊन वही काढली. तिच्या भावाच्या हाती ही वही पडली तर बरं.

*

मी त्या वर्षी टी.वाय.ला होते. दिवाळीनंतर ताप येऊ लागला, संध्याकाळचाच, थोडासा. मग श्वास घेताना डाव्या बरगडीखाली कोणीतरी सुई टोचल्यासारखं व्हायचं. आमच्या वसईतल्याच, माणिकपूरच्या डॉक्टरांनी एक्सरे दिव्यापुढे धरला. एका बाजूचं फुफ्फुस काळं दिसत होतं, दुसऱ्या बाजूला खालून अर्ध्यापर्यंत पांढरं भरलं होतं. पाणी झालंय, म्हणाले. टीबीचं आहे, बरा होतो, पण सहा महिने गोळ्या, एक दिवसही चुकवायचा नाही.

हे सगळं ते बाबांना सांगत होते. मी वीस वर्षांची होते, छाती माझी होती, आणि डॉक्टर माझ्या डोक्यावरून बाबांशी बोलत होते. बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “हे कुठे कळवावं वगैरे लागतं का? म्हणजे कॉलेजला, सोसायटीत?”

रिक्षात ते दोघं माझ्या दोन बाजूंना बसले होते आणि माझ्यासाठी आजार निवडत होते.

“टायफॉईड सांगू या,” बाबा म्हणाले.

“टायफॉईड पंधरा दिवसांत बरा होतो. पुढे काय सांगणार?”

“मग कावीळ?”

“कावीळ चालेल. अशक्तपणा राहतो बरेच दिवस.”

पडद्याचं कापड निवडावं तसं. मी तेव्हा फारसं काही म्हणतच नसे. घरी मला शांत मुलगी म्हणत, शाळेत सिस्टर ‘वेल बिहेव्ड’ म्हणत. आतल्या आत मी दिवसभर भांडत असायची हे कोणाच्या लक्षात येत नव्हतं.

“उद्या तुझं लग्न व्हायचंय,” आई उतरताना म्हणाली. ज्या मुलाचा अजून पत्ता नव्हता, त्याच्या आईपासून माझा आजार लपवायला सुरुवात झाली होती.

*

पाणी काढायला पाच दिवस नर्सिंग होममध्ये ठेवलं. पाठीत सुई घालून काढलेलं पाणी मी बघितलं. पातळ चहासारखा रंग होता. मला ते बघू नकोस म्हणाले होते, म्हणून मुद्दाम बघितलं.

तिथला दिवस पहाटेच्या थर्मामीटरने सुरू व्हायचा. मग फिनेलचा वास, कोमट दूध, डॉक्टरांची फेरी, आणि मग शेजारच्या खाटेवरच्या, माझ्याच गोळ्या घेणाऱ्या बाईचा खोकला, बाकी काहीच नाही. आई दुपारी डबा घेऊन यायची आणि येताना व्हरांड्यात ओळखीचं कोणी नाही ना बघून घ्यायची. लाल कॅप्सूल सुरू झाल्यावर लघवी केशरी झाली. हे होणार असं मला कोणी सांगितलं नव्हतं. रक्त जातंय असं समजून मी अर्धा तास बाथरूममध्ये बसून होते. लाजेने विचारलं नाही. माझ्यासारखं कोणी वाचत असेल तर सांगते: ते गोळीमुळे होतं, घाबरू नका.

तिथे गळ्यात क्रॉस घातलेली एक सिस्टर होती. ती वसईच्याच एका जुन्या गावातली. सकाळी माझी खाट खिडकीकडे ओढून द्यायची. चौथ्या दिवशी चादर बदलता बदलता सहज म्हणाली, “माझ्या भावाला झाला होता टीबी. आता दोन पोरांचा बाप आहे, नि माझ्यापेक्षा जाडा.” आणि बादली उचलून गेली. त्या पाच दिवसांत तो शब्द मोठ्याने उच्चारणारी ती एकटी. त्या रात्री मी पहिल्यांदा नीट झोपले.

*

घरी आल्यावर सोसायटीतली माणसं बघायला येऊ लागली. कावीळ म्हटल्यावर ती माझे डोळे बघायची. डोळे पांढरे स्वच्छ. खालच्या काकू म्हणाल्या, “लवकर उतरली हो!” आणि आईकडे बघून हसल्या. ते हसू आईला सहन झालं नाही. आठवडाभरात बाबांनी ठरवलं की मला आत्याकडे पाठवायचं.

आत्याचे यजमान, म्हणजे काका, पारोळच्या पलीकडे तानसा नदीकाठच्या एका गावात प्राथमिक शाळेत गुरुजी होते. मुलं मोठी होऊन बाहेर गेली होती, घरात दोघंच. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे. तिच्यापासून आता कोणाला धोका नाही, मोकळ्या हवेत रोज थोडं चालू दे, दर महिन्याला दाखवायला आणा आणि खायला भरपूर द्या: अंडी, डाळ, दूध, शेंगदाणे.

बाबांनी स्वतःच्या सख्ख्या बहिणीलाही कावीळच सांगितली.

“आत्याला तरी खरं सांगा,” मी म्हणाले. ते माझं त्या महिन्यातलं सर्वांत लांब भाषण होतं.

“तिच्या पोटात काही राहत नाही,” बाबा म्हणाले. विषय संपला. हवापालट वगैरे नुसतं बोलायला. एक्सरेचं पाकीट साड्यांखाली ठेवलं तसं मला नदीकाठी ठेवलं.

*

नदी मला आवडली, आणि याचाही मला राग यायचा.

शाळेत मी नदीवर इंग्रजीतून निबंध लिहिले होते. त्या नद्या सगळ्या डोंगरावरून खळाळत यायच्या. ही तशी नव्हती. घरामागून शेताच्या बांधावरून खाली उतरलं की दोन्हीकडे सपाट शेतं, भात कापून झालेलं, त्यात वाल पेरलेला, आणि मध्ये ती पसरलेली. वाहते आहे की थांबली आहे हे कळायला पाण्यात पान टाकून बघावं लागायचं. पान बऱ्याच विचाराअंती पुढे सरकायचं.

एकट्या मुलीने नदीवर फिरणं बरं दिसत नाही, म्हणून आत्याने मला सुमनताईंच्या हवाली केलं. सुमनताई शेजारच्याच. तिशीच्या असतील. काठावर त्यांचा भाजीचा मळा होता, काकडी, दुधी, थोडी मिरची. सकाळी त्या पाणी घालायला निघाल्या की मी बरोबर निघायची.

पहिल्या दिवशी मी पहिल्या करंजापर्यंत गेले. घरापासून दोनशे पावलं नसतील. तिथे मुळावर बसून मी धापा टाकत होते आणि सुमनताई दोन हातांत दोन कळश्या घेऊन उभ्या होत्या.

“बस गो बाय. नदी काय पळून नाय जात.”

“तुम्हाला उशीर होतोय.”

“काकडीला घड्याळ नाय. बस.”

पुढचे दिवस मी झाडांनी मोजले. दुसरा करंज. उंबर. मग पंपाची खोली, जिथे पाण्यात एक म्हैस कायम बसलेली असायची. मग वळणावरचे कपडे धुवायचे दगड. सगळ्यांत पुढे बंधारा. तिथवर जायचं असं मी मनात ठरवलं, कोणाला सांगितलं नाही. सुमनताई मला पक्ष्यांची नावं सांगायच्या आणि माझी थट्टा करायच्या. “पंधरा वर्सं शाळेत घातली आनि खंड्या माहीत नाय! काय शिकवतात तुमाला?” त्यांच्या मळ्याशी पोचल्यावर मी कडेला बसून राहायची. डाव्या बरगडीखालची सुई रोज थोडी बोथट होत होती. कोणी मला काही विचारत नव्हतं, कोणी माझे डोळे तपासत नव्हतं. आयुष्यातल्या इतक्या चांगल्या सकाळी मला लपवण्याच्या निमित्ताने मिळाव्यात, याचं काय करायचं?

*

पण घरात कावीळ होती.

आत्या जिवापाड करणारी बाई. कावीळ म्हटल्यावर तिने तेल बंद केलं, हळद बंद केली, अंडी तर उंबऱ्याच्या आतही आणली नाहीत. मऊ भात, ताक, भाजलेले फुटाणे, उसाचा रस. काका रोज सायकलवरून ऊस आणायचे. मी गोळ्या घ्यायची, त्या ‘लिव्हरच्या’ होत्या. त्या गोळ्यांनी खवळलेल्या पोटात बिनफोडणीचा भात ढकलायची.

एका रविवारी काकांनी हात धुणाऱ्या म्हातारीला बोलावलं. ती कावीळ उतरवायची. परातीत माझे हात धरून तिने ते चुन्याच्या निवळीने चोळले, तोंडाने काही पुटपुटली, आणि परातीतलं पाणी पिवळं होत गेलं. अंगणात सात-आठ बायका जमल्या होत्या.

“बघा, बघा, किती साठली होती!”

आत्याने डोळ्यांना पदर लावला. मी परातीकडे बघत होते. माझ्या अंगात नसलेली कावीळ माझ्या हातांतून निघत होती आणि सगळ्यांना आनंद होत होता. त्या म्हातारीचा मला राग आला नाही. तिला जे सांगितलं होतं ते तिने उतरवलं. राग आला तो वसईत बसलेल्या दोन शिकलेल्या माणसांचा. ‘आत्या, मला...’ इतकं माझ्या तोंडापर्यंत आलं. मग बायकांकडे बघितलं आणि गिळलं.

महिन्याने डॉक्टरांकडे गेले तेव्हा वजन दीड किलो कमी भरलं. डॉक्टर आईवर ओरडले. मी खाली बघत होते पण मला बरं वाटलं, ते कबूल करते. आई घरी येऊन रडली. मला वाटलं, आता ती आत्याला फोन करेल.

तिने शेंगदाण्याचे लाडू केले. दोन डबे भरून, गूळ-तूप घालून. “नदीवर फिरायला जातेस ना, तिथे खा. आत्यासमोर नको.”

म्हणजे खाणंही आता लपून. मी ओढणीत दोन-दोन लाडू बांधून न्यायची आणि उंबराच्या पलीकडे गेलं की खायची. सुमनताईंना एक द्यायची. पहिल्या दिवशी त्यांनी लाडवाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“कावीळवाल्या मानसाला शेंगदाने चालतात?”

“थोडे चालतात,” मी म्हणाले.

“आनि तूप?”

मी ओढणीची गाठ पुन्हा बांधली. त्यांनी लाडू खाल्ला. पुष्कळ पुढे, सगळं पार पडल्यावर, त्या मला म्हणाल्या, “मला तवाच कळलं, कावीळ काय नाय हिला. मला वाटलं, पोरीचं काहीतरी लफडं असंल, म्हनून पाठवलीय.”

*

सुमनताई खोकायच्या. सुरुवातीपासूनच खोकायच्या, पण मी स्वतःच्या श्वासांत इतकी गुंतले होते की माझं लक्ष गेलं नाही. फाल्गुनात गेलं.

तोवर मी धुण्याच्या दगडांपर्यंत न थांबता जायची. करंजाची फुलं पाण्यावर पडून थर झाला होता, तो थरसुद्धा दिवसभर तिथेच. एका सकाळी मी बोलत बोलत पुढे गेले आणि बाजूला कोणी नव्हतं. मागे वळले तर सुमनताई पंपाच्या खोलीच्या भिंतीला हात लावून वाकल्या होत्या.

“जा तू. मी येते,” त्या म्हणाल्या. “ठसका लागला.”

दुसऱ्या दिवशी त्या उंबरापाशी बसल्या. आठवड्याने दुसऱ्या करंजापाशी. मी ज्या झाडांवरून पुढे गेले होते, त्याच झाडांवरून त्या मागे येत होत्या. ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. संध्याकाळी अंग तापतं, उन्हात काम करते ना, असं म्हणायच्या. आणि घरी तीन वर्षांची मुलगी होती, ती त्यांच्याच कुशीत झोपायची, त्यांच्याच ताटात जेवायची.

हे सगळं मला ओळखीचं होतं. त्या गावात ते ओळखणारी मी एकटी होते, आणि मला कावीळ होती.

“सुमनताई, डॉक्टरकडे जा ना.”

“गेले ना. नाक्यावरच्या डाक्तरनी लाल औषध दिलं.”

“मोठ्या. एक्सरे काढा. थुंकी तपासून घ्या.”

त्या हसल्या आणि हसण्याचा खोकला झाला. “खोकल्याला कोन एक्सरे काढतं? आनि म्हातारीकडं जानार मी बुधवारी. ती मुळी देते. तुला बघ कसा गुन आला तिच्या हाताचा! काडीवानी आलीस, आनि आता माझ्यापुढं पळतेस.”

त्यांच्या दृष्टीने मी पुरावा होते. त्यांनी दवाखान्यात जाऊ नये याचा चालता-बोलता पुरावा.

नाक्यावर एक पीसीओ होता. दुपारी तिथे जाऊन मी आईला फोन लावला.

“आई, सुमनताईंना बहुतेक टीबी आहे.”

“हळू बोल! कुठून बोलतेयस?” आणि लगेच, “तू लांब राहा तिच्यापासून.”

“मी त्यांना सांगते. मला झालाय ते.”

“वेडी आहेस का? गावभर होईल. आत्याला कळेल. इतके दिवस आम्ही जे केलं...” आईचा आवाज फाटला. “तिला म्हणावं डॉक्टरकडे जा. एवढंच म्हण. आपलं कशाला सांगायचं?”

“म्हटलं. ऐकत नाहीत.”

“मग तू तुझं कर्तव्य केलंस.”

आई दुष्ट नाही. तिच्या मावशीला टीबी झाला होता, घराच्या पडवीत वेगळं ताट-वाटी देऊन ठेवली होती, आणि मावशीच्या धाकट्या बहिणींची लग्नं रखडली होती. आई त्या पडवीला घाबरत होती, हे मला आज कळतं. त्या दुपारी मला फक्त एवढं दिसत होतं, की मी बरी होणार आणि सुमनताई मुळी उगाळून पिणार, आणि मधे फक्त माझं तोंड आहे. बंद.

दोन दिवस मी काही केलं नाही. हे लिहायला मला लाज वाटते. दोन्ही सकाळी मी त्यांच्याबरोबर चालले, दोन्ही वेळा शब्द जुळवले, आणि दोन्ही वेळा खंड्यांबद्दल बोलले. आईला, बाबांना, रिक्षातल्या त्या संभाषणाला मी इतके दिवस नावं ठेवत होते. आता गप्प बसणारी मीच होते.

*

मंगळवारी सुमनताई मळ्यापर्यंत पोचल्याच नाहीत. झाडाझाडाशी थांबत कशाबशा धुण्याच्या दगडांपर्यंत आल्या आणि तिथेच बसल्या. तिथे चार बायका कपडे धूत होत्या. आत्याही होती, काकांचे सदरे घेऊन आलेली. खोकल्याची उबळ आली तेव्हा सुमनताईंनी तोंडाला पदर लावला. पदर काढला तेव्हा त्यांनी तो चटकन मुठीत घेतला, पण मी बाजूलाच होते. लाल धागा होता, बोटभर.

“पान खाल्लंस?” एकीने विचारलं.

“हां, पान,” सुमनताई म्हणाल्या. त्या पान खात नव्हत्या.

“अडुळसा दे तिला,” दुसरी म्हणाली.

“उद्या म्हातारीकडं जातेच हाय.”

आत्या म्हणाली, “जा हो जा. आमच्या नेहाला बघ. सोनं आहे म्हातारीच्या हातात.” आणि ओल्या हाताने माझा गाल कुरवाळला.

गावातल्या चार बायका आणि माझी आत्या, बाबांच्या भाषेत जिच्या पोटात काही राहत नाही ती. संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं, रात्री बाबांना फोन जाणार होता. मी एका दगडावरून उठले. घसा खाकरला तर सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी बघायला मध्ये परात नव्हती.

मी आत्याकडे बघितलं नाही. सुमनताईंकडे बघून बोलले, आणि दगडावर धुणं आपटणाऱ्या बाईलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

“मला कावीळ झालीच नव्हती. मला टीबी झालाय, चार महिने गोळ्या घेतेय, आणि तुमच्या खोकल्यासारखाच खोकला नर्सिंग होममध्ये माझ्या शेजारच्या खाटेवर होता. उद्या म्हातारीकडे नाही जायचं, सुमनताई. सकाळच्या एस्टीने माझ्याबरोबर वसईला यायचं, आणि मुलीलाही घ्यायचं.”